शेतातले चाक सडकेवर



दिवाळी आटोपली, की साखर कारखान्यांच्या परिसरातले रस्ते जागे होतात. तोड सुरू झालेली असते आणि उसाने लादलेल्या ट्रॉल्या एकामागून एक कारखान्याच्या वाटेला लागलेल्या असतात. विदर्भात कापूस, मराठवाड्यात सोयाबीन, नाशिककडे कांदा, सगळाच माल या दिवसांत ट्रॅक्टरमागे बसून बाजारात जातो. जो ट्रॅक्टर आषाढात चिखलणी करत होता तोच आता डांबरी सडकेवर धावतो आहे. म्हणून या सदरात आज बियाणे, खते आणि रोग-किडी बाजूला ठेवून ट्रॅक्टरच्या चाकांविषयी बोलायचे ठरवले आहे.

आपल्या वाडवडिलांना एक गोष्ट चांगली ठाऊक होती. नुसत्या शेतकामाच्या बैलाला पत्री नसली तरी चाले. पण जी जोडी गाडीला जुंपून खडीच्या सडकेने बाजाराला न्यायची, तिच्या खुरांना आधी पत्री ठोकून घेत. बैल तोच, खूर तोच, पण रस्ता बदलला की खुराची काळजी बदलली. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. सकाळी नांगरट, दुपारी सडक, आणि चाकाकडे बघायला कोणाला सवड नाही. मग उतारावर ट्रॉली आवरत नाही, टायर फुटतो, नाहीतर चाकच निखळते. अशा वेळी ट्रॅक्टरच्या नुकसानीवर भागले तर नशीब. त्या रस्त्याने शाळेची पोरे सायकलवरून येत असतात आणि शेजारचा जावई मोटारसायकलवरून घरी निघालेला असतो.

हा टायर मुळात कशासाठी?

मागच्या मोठ्या टायरवर रबराचे उंच, तिरपे दात असतात. मऊ जमिनीत हे दात रुततात आणि मातीला रेटा देऊन ट्रॅक्टर पुढे नेतात. दातांमधल्या रुंद खाचा चिखल बाहेर टाकण्यासाठी आहेत. पुढच्या टायरवर गोल फिरणाऱ्या उभ्या धारा असतात. त्या मातीत नांगराच्या तासासारखी रेघ धरतात, म्हणून स्टेअरिंग वळवले की ट्रॅक्टर वळतो.

आता हाच टायर डांबरावर आणा. डांबरात दात रुतत नाहीत. फक्त दातांचे माथे रस्त्याला टेकतात आणि मधल्या खाचा अधांतरी राहतात. टायर दिसतो मोठा, पण त्याची पकड दिसते तेवढी नसते. त्यात रस्ता ओला असेल, वर चिखलाचा थर असेल, तर चाक घसरायला वेळ लागत नाही. शिवाय कठीण रस्त्यावर दात सारखे दबतात आणि सुटतात. त्याने रबर तापते आणि लवकर झिजते. मऊ मातीत जो टायर कित्येक हंगाम टिकेल, तो सडकेवर फार लवकर गुळगुळीत होतो.

इतिहास पाहिला तर रबरी टायर आला तोच मुळी शेत आणि सडक यांचा मेळ घालण्यासाठी. पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके आणि त्यांवर लोखंडी खुंट असत. त्यांनी रस्ता उखडायचा आणि चालवणाऱ्याची हाडे खिळखिळी व्हायची. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चाल्मर्स आणि फायरस्टोन या कंपन्यांनी ट्रॅक्टरला हवेचे टायर लावून पाहिले आणि पुढच्या काही वर्षांत लोखंडी चाक मागे पडले. पण हा मेळ हवेवर बसवलेला आहे. हवा चुकली की मेळ बिघडतो.

हवा : शेतात वेगळी, सडकेवर वेगळी

हवा पौंडात मोजतात, म्हणजे दर चौरस इंचाला अमुक पौंड दाब. आपल्याकडच्या सर्वसाधारण ट्रॅक्टरना नांगरट-पाळीच्या वेळी मागच्या टायरमध्ये १२ ते १५ पौंड हवा पुरते. कमी हवेने टायर पसरतो, जास्त दात मातीत बसतात आणि जमीनही कमी दबते. पण याच हवेवर भरलेली ट्रॉली सडकेने ओढली, तर टायरची बाजू सारखी वाकते, तापते आणि तिला आडव्या चिरा पडतात. म्हणून वाहतुकीला निघताना मागची हवा १८ ते २० पौंडांपर्यंत वाढवावी. पुढच्या टायरमध्ये साधारण २४ ते ३० पौंड हवा लागते. हे आकडे अंदाजासाठी आहेत. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत, टायरच्या मापासमोर जो आकडा दिला असेल तोच खरा मानावा.

उलट चूकही होते. सडकेसाठी भरलेली जास्त हवा तशीच ठेवून ट्रॅक्टर शेतात घातला, तर टायर ताठ राहतो, चाक जागच्या जागी फिरते, डिझेल जळते आणि जमीन घट्ट होते.

हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. रस्त्यावरून आल्यावर टायर तापलेला असतो आणि गेज जास्त आकडा दाखवतो. तो पाहून हवा सोडू नये. टायरला लाथ मारून किंवा हातोडी वाजवून हवेचा अंदाज घेण्याची पद्धत सोडून द्यावी. १२ पौंड आणि १८ पौंड यांतला फरक लाथेला कळत नाही. गेज महाग वस्तू नाही. गावात चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. मागच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखीच हवी. एकीकडे कमी असेल तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो, आणि ब्रेक दाबताच ही ओढ एकदम वाढते.

टायरमधले पाणी

नांगरटीला पकड यावी म्हणून पुष्कळ जण मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. पद्धत चांगली आहे. ‘पेरणी झाल्यावर ते पाणी काढायचे की ठेवायचे?’ हा प्रश्न शेतकरी मेळाव्यांत नेहमी निघतो. त्याचे उत्तर असे : मागे जड ट्रॉली असेल तर हे वजन चाकाला पकड देते, म्हणून ते ठेवायला हरकत नाही. पण तीन पथ्ये पाळावीत.

पहिले, पाणी टायरच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नको. चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह अगदी वर आणावा आणि पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला आले की थांबावे, म्हणजे प्रमाण आपोआप जमते. वरच्या हवेनेच धक्का झेलायचा असतो, कारण पाणी दबत नाही. टायर काठोकाठ भरला तर खड्ड्याचा सगळा धक्का टायरला आणि रिमला बसतो.

दुसरे, दोन्ही चाकांत पाणी सारखेच हवे. १३.६–२८ मापाच्या टायरमध्ये दीडशे लिटरहून अधिक पाणी मावते, म्हणजे एका चाकावर दीडशे किलोहून अधिक वजन वाढते. एका बाजूचे पाणी झिरपून गेले आणि दुसऱ्या बाजूचे राहिले, तर वळणावर त्रास ठरलेलाच.

तिसरे, ट्रॅक्टर महिनोन् महिने रिकामाच सडकेवर फिरणार असेल तर पाणी काढून टाकावे. ते उगाच डिझेल खाते आणि थांबायलाही वेळ लावते. पाणी भरलेल्या टायरची हवा मोजताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणावा आणि नंतर गेज कोरडा करून ठेवावा.

बाण, नट आणि रिम

मागच्या टायरच्या बाजूवर एक बाण असतो. ट्रॅक्टर पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेला तो बाण हवा. आंतरमशागतीसाठी चाकांमधले अंतर कमी-जास्त करताना डावे-उजवे चाक अदलाबदल होते आणि बाण उलटा बसतो. मग दात मातीला रेटा नीट देत नाहीत आणि चिखल खाचांतच अडकून राहतो.

चाक काढून बसवले, की पहिल्या तासाभराच्या कामानंतर सगळे नट पुन्हा आवळावेत. पुढचे चार-आठ दिवस रोज पाना लावून पाहावा. नट आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत, एका बाजूने ओळीने नव्हे. नटाभोवती गंजाची लाल पावडर किंवा घासल्याची चकाकी दिसली, तर तो नट ढिला आहे असे समजावे. शेतात ढिला नट नुसता खडखडतो. सडकेच्या वेगात मात्र तो डिस्कची भोके मोठी करतो, आणि एक दिवस चाक ट्रॅक्टरला सोडून पुढे निघून जाते.

टायर रिमवर बसवताना कड नीट बसत नाही म्हणून हवा वाढवत नेणे जिवावर बेतते. ३५ पौंडांच्या वर जाऊ नये. तेवढ्यात कड बसली नाही तर हवा सोडावी, साबणाचे पाणी लावावे आणि पुन्हा सुरुवात करावी. हवा भरताना टायरवर वाकून उभे राहू नये. तसेच टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग कधीही करू नये. आत हवा भरलेली असो की सोडलेली, उष्णतेने टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. वेल्डिंगवाला ‘दोन मिनिटांचे काम आहे’ म्हणेल, तरी टायर उतरवल्याशिवाय काम होऊ देऊ नका.

ब्रेक चाकापर्यंत पोचला पाहिजे

ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेताच्या टोकाला एका चाकाचा ब्रेक दाबून थोडक्यात वळता यावे, ही त्यामागची सोय. सडकेवर हीच सोय घातक ठरते. बांध ओलांडण्यापूर्वी दोन्ही पेडल खिटीने जोडलेच पाहिजेत. वेगात असताना एकच पेडल दाबले गेले तर एक चाक थांबते, दुसरे धावते, आणि मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. पेडल जोडले तरी दोन्ही ब्रेक सारखे लागतात का, हे मोकळ्या जागी हळू चालवून पाहावे. डिफरन्शियल लॉकही सुटलेला हवा. तो लागलेला असेल तर मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि वळणावर ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो.

आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास, आणि मागे त्याच्या कित्येक पट ऊस. हे सारे थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांनी. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा आणि ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढून गाडी सोडणारे स्वतःच्या घरादाराशी जुगार खेळतात.

चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हाताला रिकामे लागते. हा धोक्याचा इशारा आहे. ट्रॉली जोडायची ती खालच्या हुकालाच, वरच्या दुव्याला कधीही नाही. पुढे कंपनीची वजने लावावीत. मडगार्डवर किंवा बंपरवर माणूस बसवून वजन करू नये. १९८९ च्या रस्ता-नियमावलीतच ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणालाही बसवू नये असे म्हटले होते. मडगार्डवर नातवाला बसवून फिरवण्याची हौस आजोबांना असते. पण त्या मडगार्डच्या एक वीत खाली ते दातेरी चाक फिरत असते, हे विसरू नये.

केज व्हील आणि चिखल

भाताच्या मुलखात, कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाकडे, चिखलणीला लोखंडी केज व्हील लावतात. ते खाचरासाठी आहे. ते लावून डांबरी रस्त्यावर आले की रस्ता सोलला जातो आणि लोखंड डांबरावर घसरते. एका शेतातून दुसऱ्या शेतात जायचे असेल तरी ते काढून ट्रॉलीत टाकावे आणि रबरी टायरवर जावे. त्यात अर्धा तास जातो, पण गावचा रस्ता वाचतो. तो रस्ता आपणच कितीदा अर्ज करून मिळवलेला असतो.

ओल्या रानातून ट्रॅक्टर थेट सडकेवर आला की दातांमधली चिखलाची ढेकळे डांबरावर पडत जातात. पावसाची सर आली की त्यांचा लोण्यासारखा थर होतो आणि मागून येणारा मोटारसायकलवाला घसरतो. बांधावर थांबून फावड्याने किंवा लाकडाने खाचा मोकळ्या कराव्यात, आणि पडलेली ढेकळे ओढून बाजूला करावीत.

ट्रॉलीची चाके

ट्रॅक्टरच्या टायरकडे थोडेफार लक्ष जाते, ट्रॉलीचे टायर मात्र सावत्र. ट्रकवरून उतरलेले, दोनदा रिमोल्ड केलेले, आतून पट्टी लावलेले टायर ट्रॉलीला चालतात असा समज आहे. खरे तर सगळा माल त्यांच्यावर असतो. ज्या टायरच्या बाजूला फुगवटा आला आहे, किंवा चिरेतून आतले दोरे दिसतात, तो रस्त्यावर आणू नये. तो गोठ्यात वैरणीच्या टोपलीसारखा वापरा, पण मालाखाली नको.

हंगामापूर्वी ट्रॉलीचे प्रत्येक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून आणि हलवून पाहावे. चाक डुगडुगले तर बेअरिंग ढिले आहे. खरखर आली तर ग्रीस संपले आहे. बैलगाडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय आपले आजोबा बाजाराला निघत नसत. ट्रॉलीच्या आखानेच काय पाप केले आहे?

वाटेत थांबावे लागले तर

रात्री टायर बसला, तर शक्य तेवढे सडकेच्या खाली उतरावे, मग टायरचे आणखी नुकसान झाले तरी बेहत्तर. टायर विकत मिळतो. मागे बऱ्याच अंतरावर लाल परावर्तक किंवा पेटता दिवा ठेवावा आणि एकाने बॅटरी घेऊन सुरक्षित बाजूला उभे राहावे. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पुसून स्वच्छ ठेवावेत. उसाच्या पाचटाखाली ते झाकले गेले तर असून नसल्यासारखे. ट्रॅक्टरचा मागे रोखलेला, नांगरटीचा पांढरा दिवा सडकेवर बंद हवा. त्याने मागच्या वाहनचालकाचे डोळे दिपतात आणि त्याला ट्रॉली दिसतच नाही.

आणि एक कळकळीची विनंती. चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका. आपण निघून जातो, दगड अंधारात सडकेच्या मधोमध तसेच राहतात. त्या दगडावर पडणारा माणूस आपल्या ओळखीचा नसेल, पण कोणाच्या तरी घरी त्याची वाट पाहिली जात असते.

बांध ओलांडण्यापूर्वी दहा मिनिटे

खालची यादी कापून ट्रॅक्टरच्या शेडमध्ये चिकटवावी :

१. चारही टायरची हवा गेजने पाहिली का? मागची दोन्ही सारखी आहे का?
२. टायरच्या बाजूंना चिरा, फुगवटे, अडकलेले खडे किंवा बाभळीचे काटे आहेत का?
३. सगळे नट पान्याने तपासले का?
४. दोन्ही ब्रेक-पेडल जोडले का? डिफरन्शियल लॉक सुटला आहे का?
५. ट्रॉलीचा हूक, पिन आणि पिनेची खीळ जागेवर आहे का?
६. टायरमधला चिखल काढला का?
७. मागचे लाल परावर्तक दिसतात का? नांगरटीचा दिवा बंद आहे का?
८. मडगार्डवर कोणी नाही ना?

ही यादी वाचायचे काम घरातल्या शाळकरी मुला-मुलीकडे द्यावे. त्यांनी एकेक ओळ मोठ्याने वाचावी आणि बापाने किंवा भावाने उत्तर द्यावे. मुले अशी कामे चोख करतात, आणि मोठ्यांना त्यांच्यापुढे ‘चालतंय’ म्हणून सुटता येत नाही. घरच्या बाईनेही डबा हातात देताना एवढेच विचारावे, ‘हवा बघितली का?’

काम संपल्यावर ट्रॅक्टर उन्हात उभा ठेवू नये, कारण उन्हाने रबर तडकते. डिझेल, ऑइल किंवा ग्रीस टायरवर सांडले तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवावे. दोन-तीन महिने ट्रॅक्टर उभाच राहणार असेल, तर आखाखाली ठोकळे देऊन चाकांवरचे वजन काढावे.

मागच्या टायरांच्या जोडीला आज किती पैसे पडतात हे ज्याने ती अलीकडे घेतली आहे त्याला विचारा. दहा मिनिटांच्या तपासणीने ही जोडी जास्त हंगाम चालते, हा झाला पैशाचा हिशेब. दुसरा हिशेब रात्री होतो, ट्रॉली रिकामी करून ट्रॅक्टर अंगणात आला आणि चालवणारा पाय धुऊन जेवायला बसला, की मग. या हंगामात तो हिशेब प्रत्येक घरी रोज जुळावा.